दोनशे तेरावं दुपटं

मुलगी वाचली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण इथे जे सांगायचं आहे ते त्यानंतरचं आहे. शिवणकाकूंनाही त्या दिवसांत दर तासा-दोन तासांनी हे वाक्य एकदा मनात म्हणून बघावं लागायचं. मुलगी वाचली. मग कुठे पुढच्या कामाला हात लागायचा.

पुढचं काम त्या बुधवारी दुपारी टेबलावर पडलं होतं. फिकट पिवळ्या सुती कापडाचं दुपटं, आत पातळ कापसाचा थर, चारी कडा कच्च्या टाक्याने धरलेल्या. चर्चच्या मागच्या खोलीत दोन शिलाई मशिनं होती, एक भलंमोठं कपाट होतं आणि चौथ्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, म्हणून ती नेहमी भिंतीला टेकवलेली असायची. नेमक्या त्याच खुर्चीवर बसवाल्याची बायको पोटावर हात ठेवून बसली होती. आदल्या रविवारी, ऐन उपासनेत, तिच्या पोटात बाळ पहिल्यांदा हललं होतं. ती इतक्या जोरात "अगं बाई!" म्हणाली, की पाळकांना वाटलं आपलं संदेशात काहीतरी चुकलं.

मंडळीत येणाऱ्या प्रत्येक बाळाला महिला मंडळाकडून एक दुपटं मिळायचं. एकतीस वर्षं. त्याचा नियम असा, की बाळ पोटात हलल्याशिवाय शिवायला घ्यायचं नाही. हललं की आईने स्वतः येऊन कोपऱ्यात पहिली गाठ मारायची आणि त्याच दिवशी गाठीशेजारी लाल दोऱ्याने नंबर घालायचा. शेवटचा नंबर दोनशे बारा होता. दोन बाळं हलल्यानंतर गेली, जन्माच्या आधीच. त्यांचे नंबर कायम राहिले, आणि दुपटी त्यांच्याबरोबर मातीत गेली.

हा नियम शिवणकाकूंनीच घातला होता. तेव्हा त्या तिशीतल्या होत्या आणि घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं दुकान नुकतंच टाकलं होतं. शाळेतल्या बाई, म्हणजे आता निवृत्त झालेल्या, मंडळात पवित्र शास्त्र वाचून दाखवायच्या. एकदा त्यांनी त्या दोन नात्यातल्या बायकांची गोष्ट वाचली, एक म्हातारी, एक कोवळी, दोघी गरोदर. कोवळीचा आवाज ऐकून म्हातारीच्या पोटातल्या बाळाने उडी मारली. काकू म्हणाल्या होत्या, "म्हणजे बाळाने स्वतःच कळवलं, मी आहे म्हणून. मग आपणही तेव्हाच सुरुवात करू." सगळ्यांना पटलं. शिवाय कापड मोजकं होतं आणि पहिल्या महिन्यांचा भरवसा नसतो, तेही होतंच.

तर बसवाल्याच्या बायकोने गाठ मारली. काकूंनी सुईत लाल दोरा ओवला. आणि त्यांचा हात तसाच थांबला.

कारण दोनशे तेरा नंबर आधीच घातलेला होता. तो एका पांढऱ्या दुपट्यावर होता, आणि ते दुपटं कपाटाच्या तळाला खाकी कागदात गुंडाळून ठेवलेलं होतं. खोलीतल्या चौघींना ते माहीत होतं.

*

काकूंनी नियम मोडला होता. दुसऱ्या कुणाच्या हातून अशी चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या कुणाच्या घरी कापड, लाल दोरा आणि सहा वर्षांची वाट पाहणं एकाच टेबलावर नव्हतं. एकुलत्या एक मुलीला, चिमूला, दिवस गेल्याचं कळलं तेव्हा नववा आठवडा होता. चिमू चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायचं काम करायची. तिने जेवणाच्या सुट्टीत फोन केला, "आई, ऐक, पण इतक्यात कुणाला सांगू नकोस." काकूंनी कुणालाच सांगितलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या विजारीची चेन आणि दुसऱ्याच्या कोटाचं अस्तर यांच्या मधल्या वेळात त्यांनी पांढरं कापड बेतलं, मुलीच्या वाटची गाठ स्वतःच मारली आणि दोनशे तेरा घालून मोकळ्या झाल्या. पुढच्या बुधवारी बाईंनी ते कपाटात पाहिलं. "हललं का?" त्यांनी विचारलं. "हलेल की," काकू म्हणाल्या. बाईंनी भुवई उंचावली आणि कपाट लावून घेतलं.

चिमूला जिना चढताना दम लागायचा. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा आणि ज्या इमारतीत राहायचा तिथे चार मजले आणि लिफ्ट नाही, यावर घरात कायम थट्टा चालायची. म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. अकराव्या आठवड्यात तिचे ओठ निळे पडले, तेव्हा घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं. हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांत दाब फार वाढला होता. तो आधीपासूनच असणार, आता बाहेर आला. "पुढच्या महिन्यांत अंगातलं रक्त वाढत जाणार. हे हृदय ते पेलणार नाही," त्या म्हणाल्या. "अशा दहा जणींतल्या तीन-चार जणी बाळंतपणापर्यंत किंवा त्यानंतर लगेच जातात. बाळ तरी हाती लागेल असंही मी म्हणू शकत नाही. माझा सल्ला, गर्भ काढावा. ठरवायचं तुम्ही. पण या आठवड्यात ठरवा."

बाहेर आल्यावर व्हरांड्यात चिमूने भिंतीला हात टेकून विचारलं, "आई, तू काय म्हणतेस?"

आणि काकू म्हणाल्या, "मी बाईंना विचारून येते."

बाईंनी शास्त्र खाली काढलं. त्यांना शोधावं लागलं नाही, पानं आपोआप उघडली. आईच्या उदरात देवाने मला विणलं असं सांगणारं ते स्तोत्र, आणि घडण्याआधीच देवाने ज्याला ओळखलं होतं तो संदेष्टा. "माझ्या दृष्टीने हे स्पष्ट आहे," बाई म्हणाल्या. "पोटातलं ते त्याचं आहे. आपलं नाही."

"आणि माझी मुलगी, ती कुणाची?"

"तीही त्याचीच."

"मग?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईंच्या तोंडून काकूंनी हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

त्या चिमूच्या घरी पोचल्या तोवर चिमूने संमतीच्या कागदावर सही केली होती. "तू विचारून येईपर्यंत थांबले असते, आई," ती म्हणाली, "पण दम लागतोय." आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर काकूंना सोपं गेलं असतं.

गर्भ काढायच्या दिवशी सकाळी सातला काकू, चिमू आणि जावई दवाखान्यात पोचले, तर व्हरांड्यातल्या बाकावर बाई आधीच येऊन बसलेल्या. मांडीवर थर्मास, बाजूला पिशवी.

"बाई, तुम्ही? तुम्हाला तर हे..." काकू म्हणाल्या.

"पटलेलं नाहीच. पण पटलं नाही म्हणून यायचं नाही, असं कुठे लिहिलंय? सरक जरा, पोरीला बसू दे."

दुपारी चिमूला उलट्या झाल्या, तेव्हा भांडं बाईंनी धरलं.

*

त्याला आता तीन महिने झाले होते. चिमूच्या गोळ्या चालू होत्या, ओठ पुन्हा ओठांच्या रंगाचे झाले होते. जावयाने जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक घडीचं स्टूल साखळीने बांधून ठेवलं होतं. "लिफ्ट बसवता येत नाही, आई, म्हणून स्टुलं बसवली," तो म्हणाला. काकू रोज सूप घेऊन जायच्या. मायलेकी गोळ्यांबद्दल बोलायच्या, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल बोलायच्या. त्या एका गोष्टीबद्दल मात्र एक शब्द नाही. बुधवारी चिमू पूर्वी दुकानातून सुटल्यावर मंडळात डोकावायची, ते तिने बंद केलं होतं.

मागच्या आठवड्यात डबा परत करताना जावई दारातच थांबला. "आई, एक विचारू? ती झोपेतून उठली की मला विचारते, आईने ते दुपटं उसवलं असेल का रे? मी काय सांगू?"

"तिला काय हवंय? उसवलेलं की नसलेलं?"

"तेच तर ती सांगत नाही."

म्हणून सुई हातात धरून काकू थांबल्या होत्या. पिवळ्या दुपट्यावर दोनशे तेरा घातला, तर चिमूच्या पोटात काही नव्हतंच असं होईल. दोनशे चौदा घातला, तर काहीतरी होतं आणि ते तिने... त्यापुढे काकूंचा विचार जात नव्हता.

"तेरा घाला ना, काकू," बेकरीवाली म्हणाली. ती मशीनपाशी बसून गळपट्ट्या जोडत होती. तिच्या केसांना कायम पावाचा वास यायचा. "ते पांढरं उसवायला पाच मिनिटं लागतात. पोरीला बरं वाटेल. झालं-गेलं."

"चौदा," बाई म्हणाल्या. "झालं-गेलं असं होत नसतं. तेरावं होतं. पोटात होतं, म्हणजे होतं."

मशीन थांबलं. "असं होय? मग बाई, माझे दोन? एक आठ आठवड्यांचं, एक अकरा. त्यांचे नंबर कुठायत? तेव्हा तुम्हीच म्हणालात, हललं नाही, गाठ नाही. मी तुम्हाला उलटून बोलले नाही. घरी जाऊन पीठ मळलं."

बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "तेव्हा नियम पाळला. चुकलं असेल."

"असेल म्हणे! वीस वर्षांनी!" बेकरीवाली हसली, पण डोळे हसले नाहीत. "आता मागचे सगळे नंबर बदलायला निघालात, तर मी कात्री लपवीन, सांगून ठेवते."

"माझ्या बाळाला नंबर मिळेल ना पण?" बसवाल्याची बायको भिंतीकडून म्हणाली. "की ते शाळेत जाईपर्यंत तुमचं हे चालणार?"

तेवढ्यात दारात सायकल टेकवल्याचा आवाज आला. बाईंनी पाळकांना बोलावलं होतं. पाळक तरुण होते, बारीक होते आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीपेक्षा या खोलीला जास्त घाबरायचे. विजारीच्या पायाला लावलेला सायकलचा चिमटा काढायचं ते विसरले होते. हातातल्या शास्त्रातून कागदाच्या पंधरा-वीस चिठ्ठ्या बाहेर डोकावत होत्या.

"पाळकसाहेब, आज बुधवार आहे," बेकरीवाली म्हणाली. "रविवारएवढं लांबवू नका."

"उत्तर घेऊन आलोय का विचाराल, तर नाही," पाळक म्हणाले. "वाचून आलोय. तीन दिवस." ते उभेच राहिले, खुर्ची उरली नव्हती. "बाईंचं स्तोत्र आहेच. देव तिथे विणतोय, अंधारात, कुणाला दिसत नसताना. ते वाचून पोटातलं जीवन हलकं आहे असं म्हणायची माझी छाती नाही. आणि तो संदेष्टा, त्याला तर देवाने घडवण्याच्या आधीपासून ओळखलं होतं."

"पोटात येण्याच्याही आधी?" बेकरीवालीने विचारलं.

"तसंच म्हटलंय."

"मग नंबर कधी घालायचा? लग्नाआधीच?"

बसवाल्याची बायको खुदकन हसली. बाईंनासुद्धा हसू आलं, ते त्यांनी रुमालात घेतलं.

"बरं, आता दुसरीकडे," पाळक म्हणाले. त्यांना जरा धीर आला होता. "पहिला माणूस मातीचा. नाकात श्वास फुंकला तेव्हा तो जिवंत झाला. काही जण म्हणतात, सुरुवात श्वासापासून. मग नियमशास्त्रात ते एक कलम आहे. दोन पुरुष मारामारी करतात, मधे गरोदर बाई सापडते आणि तिचं मूल पडतं. बाईला काही झालं तर जिवाबद्दल जीव. मुलासाठी फक्त दंड, असं काही विद्वान वाचतात. दुसरे म्हणतात, छे, तिथे मूल जिवंतच जन्माला आलंय, आणि त्याला इजा झाली तर शिक्षा तीच. दोन्हीकडची माणसं माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेली आहेत. मला त्यांचा निवाडा करता येत नाही."

"तुमचं स्वतःचं काय?" बाईंनी विचारलं. वर्गात विचारायच्या तसंच.

पाळकांनी शास्त्र मिटलं. "मी मानतो की पोटातलं ते पहिल्या दिवसापासून देवाच्या हातात असतं. मी तसं शिकवतो, पुढेही शिकवीन. पण जिचं हृदय बंद पडणार आहे तिने तसंच राहून मरावं, असं सांगणारी ओळ मी तीन दिवस शोधली. मला सापडली नाही. खरं सांगू? सापडली असती तर आज इथे यायचं मला धाडस झालं नसतं."

"आणि नंबर?"

"नंबर शास्त्रात नाही, बाई. तो तुम्ही लोकांनी काढलाय."

काकू सुईकडे बघत होत्या. तीस वर्षांत त्यांनी शेकडो कपडे अर्धवट अवस्थेत पाहिले होते. कुणाच्या बाह्या राहिलेल्या, कुणाची कॉलर. पण कापडावर कात्री पडली की ते गिऱ्हाइकाचं नाव लावूनच खुंटीला जायचं. अर्धवट आहे म्हणून ते कुणाचं नाही, असं दुकानात कधी झालं नव्हतं. आणि अर्धवट राहिलं म्हणून कुणी गिऱ्हाइकाला गुन्हेगारही ठरवलं नव्हतं.

"नियम मी मोडला," त्या म्हणाल्या. "म्हणून हा घोळ झाला. मी—"

दारात चिमू उभी होती.

तिने काही ऐकलं नव्हतं. तिला आधी श्वास घ्यायचा होता. मागे जावई तिची पर्स खांद्याला अडकवून उभा होता आणि पर्स आपली नाहीच असा चेहरा करून होता. बेकरीवाली उठली आणि तिने स्वतःची खुर्ची पुढे ढकलली. चिमू बसली, एक हात वर करून सगळ्यांना थांबवलं, तीन-चार श्वास घेतले.

"हं. कशावर भांडताय?"

शेवटी बसवाल्याची बायको म्हणाली, "तुझ्या नंबरावर."

चिमूने आईकडे पाहिलं. "उसवलंस का ते, आई?"

"नाही."

"का नाही?"

तीन महिने काकू या प्रश्नाला चुकवत आल्या होत्या. आता त्या खुर्चीत सरळ बसल्या. "तीनदा कात्री घेतली हातात. उसवलं तर तुझं काही गेलंच नाही असं होतं. ठेवलं तर तुला वाटणार, आई बोट दाखवतेय. मला काही कळेना. आणि या वेळी मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नव्हतं. तुलाच विचारायचं होतं. पण जीभ उचलत नव्हती." त्यांनी सुई टेबलाला टोचून ठेवली. "त्या दिवशी व्हरांड्यात तू मला विचारलंस, चिमू. आईला. आणि मी बाईंकडे पळाले. मी म्हणायला हवं होतं की मला तू हवीस. मला ते माहीत होतं. बाईंच्या घरी जाताना सगळा रस्ता मला तेवढंच माहीत होतं. ते मी तुला सोडून सगळ्यांना सांगत सुटले होते."

"हो," चिमू म्हणाली. "राग आला होता मला."

"आहे अजून?"

"थोडा. जिना चढताना येतो. वर पोचले की जातो."

बेकरीवालीने नाक ओढलं आणि मशीनला तेल घालायला घेतलं. त्याला सकाळीच घातलं होतं.

"दाखव ते," चिमू म्हणाली.

काकूंनी कपाटाच्या तळातून खाकी पुडकं काढलं. चिमूने ते मांडीवर उलगडलं, पांढऱ्या कापडावरून तळवा फिरवला, कोपरा वर धरून बघितला. भिंगं बसवणारीची नजर ती; टाका अर्ध्या सुताने सरकला तरी तिला दिसायचा.

"ही गाठ तू मारलीस?"

"हो."

"ती आईने मारायची असते ना?"

"हो."

चिमूने टेबलावरची बारीक कात्री उचलली. पण तिने नंबराला हात लावला नाही. तिने फक्त गाठ कापली, दोऱ्याचं टोक ओढून काढलं, आणि टेबलाला टोचलेली सुई उपटून त्याच जागी स्वतःची गाठ मारली. तिला शिवणकाम कधीच जमलं नव्हतं. गाठ मोठी झाली आणि जरा वाकडी बसली.

"मला ते नको नव्हतं," ती म्हणाली. कुणा एकीकडे बघून नाही. "आणि मला जगायचंही होतं. दोन्ही एकाच वेळी. लोक मला विचारतात तेव्हा मला वाटतं, यातलं एक खोटं ठरवल्याशिवाय त्यांचं समाधान होणार नाही. हललं नव्हतं, बरोबर आहे. पण होतं. माझं होतं." तिने दुपट्याची घडी केली. "तेरा राहू दे. हिच्या बाळाला चौदा घाला."

बाई इतका वेळ खाली बघत होत्या. "चिमू, तुझ्याशी खोटं बोलायचं नाही मला," त्या म्हणाल्या. "मला अजून पूर्ण पटलेलं नाही."

"माहितीये, बाई. भांडं तुम्ही धरलं होतंत."

बाईंनी मान डोलावली. ती बराच वेळ डोलत राहिली.

पाळकांनी प्रार्थना करू का म्हणून विचारलं. चिमू म्हणाली, करा, पण फक्त आभाराची. मागण्या पुरे झाल्या आता. पाळकांनी आभाराची केली. ती इतकी छोटी होती की बेकरीवालीने डोळे मिटले-न मिटले तोच संपली, आणि ती म्हणाली, "बघा, जमतं की तुम्हाला!" मग काकूंनी दुसऱ्या सुईत लाल दोरा ओवला आणि पिवळ्या दुपट्यावर दोनशे चौदा घातला.

*

बसवाल्याच्या बायकोला मुलगी झाली. तिला पहिल्यांदा उपासनेला आणलं त्या रविवारी पिवळं दुपटं रांगेरांगेतून फिरलं. दारावर पुस्तकं वाटणारे आजोबा नंबर वाचल्याशिवाय बाळ पुढे जाऊ देत नसत. दोनशे बारा त्यांचा स्वतःचा नातू होता.

"चौदा?" ते मोठ्याने म्हणाले, त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते सगळंच मोठ्याने म्हणायचे. "बाराच्या पुढे चौदा कसं? तेरा गेलं कुठे?"

काकूंनी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली.

"माझ्याकडे आहे, आजोबा," चिमू तिसऱ्या रांगेतून म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. तिची रिकामी मांडी पाहिली, शेजारी बसलेला जावई पाहिला. ऐकू कमी यायचं, पण समज शाबूत होती. "तुझ्याकडे होय," ते म्हणाले. "मग असू दे. जपून ठेव हो."

उपासनेच्या शेवटी ज्याला आभार मानायचे असतील त्याने उभं राहायचं, एक वाक्य बोलायचं आणि बसायचं. काकू दरवर्षी एकदाच उभ्या राहायच्या आणि डोळे अजून सुईत दोरा ओवू देतात याबद्दल आभार मानायच्या. यंदा त्यांनी चांगलं लांबलचक वाक्य पाठ करून आणलं होतं. त्या उभ्या राहिल्या आणि ते सगळं उडून गेलं.

"चिमू इथे बसली आहे," त्या म्हणाल्या. "त्याबद्दल." आणि बसल्या.

त्यांच्या मागून बेकरीवाली उठली. ती कधीच उठत नसे; म्हणायची, पाव भाजून माझे आभार मानून होतात. "माझे दोन होते," ती म्हणाली. "त्यांच्याबद्दल." ती बसली तेव्हा बाईंनी न बघता हात बाजूला सरकवला आणि तिच्या मनगटावर ठेवला.

जेवायला सगळे चिमूकडे जाणार होते. जावई डबे घेऊन पुढे गेला. मायलेकी मागून चढू लागल्या. पहिल्या वळणावर चिमू स्टुलावर बसली, शंभरपर्यंत आकडे मोजले, उठली. दुसऱ्या वळणावर ती स्टुलापाशी आली, त्याच्याकडे पाहिलं आणि तशीच दोन पायऱ्या वर गेली. मागे पावलांचा आवाज येईना, म्हणून वळली.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीत, चेहरा वर.

"आई, दमलीस?"

"नाही गं," काकू म्हणाल्या. "रिकामं दिसलं, म्हणून बसले."